खरेदीचा भाव विसरा

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरची वेळ, त्यात पुरणपोळी झालेली. अशा वेळी भाषणाला उभं करणं ही शिक्षाच आहे. माझी की तुमची, ते अर्ध्या तासानं ठरेल. आपल्या वेळी या तासाला मागच्या बाकावर कोण झोपायचं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो आजही मागेच बसलाय.

तेहतीस वर्षं मी बँकेत काढली. त्यामुळे आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला ठरावीक प्रश्न येतात. सुरुवातीला गृहकर्जाचे यायचे, मग मुलांच्या शैक्षणिक कर्जाचे. गेली दोन-तीन वर्षं मात्र एकच प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतोय. "अमुक कंपनीचे शेअर आहेत, ठेवू की विकू?" "फाट्याजवळचा प्लॉट ठेवू की विकू?" "म्युच्युअल फंड पडलाय, काढून घेऊ की थांबू?" आपण सगळे आता छप्पन्न-सत्तावन्नचे आहोत. निवृत्ती दारात उभी आहे. आयुष्यभर जे जमवलं, त्याचं काय करायचं हा प्रश्न याच वयात पडणार. नवीन काय घ्यावं हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. जे घेऊन बसलोय त्याचं काय करावं, हे सांगणारा सहसा भेटत नाही. म्हणून आज तेवढंच बोलतो.

कुठला शेअर वर जाईल हे मी सांगणार नाही. मला ते कळत असतं तर मी तेहतीस वर्षं नोकरी केली नसती.

आधी घरातली गोष्ट सांगतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. इथल्या बऱ्याच जणांना त्यांनी पाढे शिकवलेत. १९९४ मध्ये ते निवृत्त झाले. ते दिवस आठवा. रोज नव्या कंपनीची भागविक्री निघायची. कराडच्या स्टँडवर आणि कोल्हापूर नाक्यावर लोक अर्जांचे गठ्ठे घेऊन फिरायचे. दादांनी निवृत्तीच्या पैशांतून दोन कंपन्यांचे शेअर घेतले. एका कंपनीचे एक हजार शेअर, ९२ रुपयांनी. म्हणजे ९२ हजार रुपये. दुसऱ्या कंपनीचे थोडेसेच, वीस हजारांचे. नावं सांगत नाही, त्यांचं इथं काही काम नाही.

पुढं झालं असं की, थोडेसे घेतलेले शेअर दोन वर्षांत दुप्पट झाले. दादा खूष झाले. "फायदा झाला, काढून घेऊ," म्हणाले आणि विकून टाकले. हजार शेअर होते त्यांचा भाव ९२ वरून ६० वर आला. मी तेव्हा बँकेत नवीन, अंगात हुशारी. म्हणालो, "दादा, ही कंपनी काही बरी दिसत नाही. ताळेबंदात कर्ज वाढत चाललंय. विकून टाका." दादा म्हणाले, "तोट्यात विकू? ९२ येऊ दे, मग विकतो."

त्याच सुमारास आईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. ६० च्या भावानं ते शेअर विकले असते तर निम्म्याहून जास्त खर्च निघाला असता. दादा म्हणाले, "९२ येऊ दे, मग करू." भाव ३१ वर आला. मग ९ वर. मग एक दिवस त्या शेअरचा व्यवहारच बंद झाला. आईची शस्त्रक्रिया २००३ मध्ये झाली, मुदत ठेव मोडून. सहा वर्षं ती भिंतीला धरून स्वयंपाक करत होती.

२०११ मध्ये दादा गेले. त्यांचं कपाट आवरताना एक दोनशे पानी वही सापडली. दर रविवारी त्यांनी त्या शेअरचा भाव लिहून ठेवला होता. मोत्यासारखं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक भावापुढं एकच शेरा होता : "९२ पर्यंत थांबणे." दुसरी कंपनी, जी त्यांनी दुप्पट झाल्यावर विकली, ती नंतर कितीतरी पटींनी वाढली. तिची नोंद वहीत कुठंच नव्हती.

आई आज ब्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या वर्षी मी तिला ती वही दाखवली. ती म्हणाली, "त्यांना ब्याण्णवचा आकडा दिसायचा रे. माझा गुडघा नाही दिसायचा."

दादा वेडे नव्हते, लोभीही नव्हते. त्यांनी जे केलं ते जगात बहुतेक माणसं करतात. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी या सवयीवर निबंध लिहिला : फायद्यातलं घाईनं विकायचं आणि तोट्यातलं कवटाळून बसायचं. पुढं १९९८ मध्ये टेरन्स ओडिअन या संशोधकानं एका दलाल कंपनीकडची दहा हजार खाती तपासली. लोकांनी फायद्यात विकलेले शेअर पुढच्या वर्षभरात त्यांनी तोट्यात धरून ठेवलेल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी जास्त वाढले होते. म्हणजे चांगलं गेलं आणि वाईट राहिलं. दादांच्या कपाटात जे झालं, तेच दहा हजार कपाटांत झालं होतं.

याचं मूळ मनात आहे. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की, हजार रुपये गेल्याचं दुःख हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा खूप मोठं असतं. साधारण दुप्पट धरतात. जोपर्यंत विकत नाही तोपर्यंत तोटा कागदावर आहे, असं आपण स्वतःला समजावतो. विकलं की तोटा खरा होतो आणि आपली चूक मान्य करावी लागते. दादा ९२ रुपयांची वाट बघत नव्हते. आपण चुकलो नव्हतो हे सिद्ध होण्याची वाट बघत होते.

आता समोर बसलेल्या आपल्या गणिताच्या सरांची परवानगी घेऊन एक आठवण सांगतो. सराव परीक्षेत भूमितीचा एक रायडर अनेकांना सुटत नव्हता. मी वीस मिनिटं त्याच्याशी झुंजत होतो. सर मागून आले आणि म्हणाले, "सोड ते." मी म्हणालो, "सर, वीस मिनिटं घालवलीत." सर म्हणाले, "ती गेली. आता तुझ्याकडं किती मिनिटं आहेत ते बघ." सर, त्या दिवशी मी तो रायडर सोडला आणि पुढची तीन गणितं सोडवली. पण त्या वाक्याचा पूर्ण अर्थ कळायला मला दादांची वही सापडावी लागली.

तर पहिली गोष्ट ही : खरेदीचा भाव विसरा. तो फक्त तुम्हाला माहीत आहे. कंपनीला माहीत नाही, बाजाराला माहीत नाही, फाट्याजवळच्या जमिनीलाही माहीत नाही. त्याच्याऐवजी स्वतःला एकच प्रश्न विचारा. समजा, काल रात्री कोणीतरी तुमचे सगळे शेअर विकले आणि आज सकाळी तेवढे रोख पैसे उशाशी ठेवले. आज त्या पैशांतून तुम्ही पुन्हा तेच घ्याल का? "हो" म्हणालात तर ठेवा, भाव पडलेला असला तरी ठेवा. "छे, आज कोण घेणार ते!" असं तोंडातून निघालं, तर मग धरून का बसलाय?

दादांना १९९७ मध्ये कोणी ६० हजार रुपये रोख देऊन विचारलं असतं, "गुरुजी, याचे त्या कंपनीचे शेअर घेता की बाईंचे गुडघे करून घेता?" तर त्यांनी क्षणभरही विचार केला नसता.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, "धीर धरणाऱ्यांनीच पैसे केले, अमळनेरचं बघ." बरोबर आहे. अमळनेरची गोष्ट मलाही आवडते. जळगाव जिल्ह्यातलं ते गाव. २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथं वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. शंभर रुपयांचा शेअर गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी घेतला. १९६६ मध्ये मोहम्मद हाशम गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आले. तुपाची कंपनी साबणात गेली, यंत्रांच्या भागांत गेली, ऐंशीच्या दशकात संगणकात गेली. तीच आजची विप्रो. ज्या घरांनी शेअर विकले नाहीत, बोनस येत गेले ते ठेवले, ती घरं कोट्यधीश झाली. गावात ज्याच्या-त्याच्याकडं विप्रो, असा लौकिक झाला.

पण ही गोष्ट ऐकताना दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली म्हणजे, धीर अमळनेरच्या लोकांनी धरला आणि माझ्या दादांनीही धरला. धीरात काही फरक नव्हता, फरक कंपनीत होता. एक कंपनी दर काही वर्षांनी नवं काहीतरी उभं करत होती, नफा कमवत होती, लाभांश देत होती. दुसरी कर्जात रुतत होती. धीर हा गुण आहे, पण तो कशावर धरलाय हे बघायला हवं. रुजलेल्या बियाण्याला पाणी घालणं म्हणजे शेती. कुजलेल्या बियाण्याला घालत राहणं हा नुसता हट्ट.

दुसरी गोष्ट अशी की, अमळनेरची कथा सांगितली जाते कारण ती यशस्वी झाली. त्याच काळात निघालेल्या आणि बंद पडलेल्या कंपन्यांचे शेअर धरून बसलेल्यांची कथा कोणी सांगत नाही. ते कागद माळ्यावर आहेत. आणि विप्रोतसुद्धा सगळा प्रवास चढाचा नव्हता. २००० च्या फेब्रुवारीत संगणक कंपन्यांच्या तेजीत तो भाव आभाळाला भिडला आणि वर्ष-दीड वर्षात निम्म्याच्याही खूप खाली आला. शिखरावर बघून "एवढे माझे" म्हणणाऱ्यानं मुलीचं लग्न त्या आकड्यावर ठरवलं असतं, तर पंचाईत होती.

म्हणून दुसरा प्रश्न : हा पैसा कशासाठी आहे आणि कधी लागणार आहे?

१० जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारांच्या वर होता. मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या आसपास आला. जानेवारी २०२० मध्ये ४१ हजारांच्या पुढं होता, २३ मार्चला २६ हजारांखाली. दोन्ही वेळा तो पुन्हा वर आला, हे खरं. पण ज्याला २००९ च्या उन्हाळ्यात मुलाच्या प्रवेशाची फी भरायची होती, त्याला पुढं काय होणार याच्याशी काय करायचंय? दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा चढउताराच्या ठिकाणी ठेवू नका. तो भाव चांगला असताना काढून घ्या, आणि पुढं भाव वाढला म्हणून हळहळू नका. दहा वर्षं न लागणारा पैसा असेल, तर रोज भाव बघायचं कारणच नाही.

काही गोष्टी मुळात वेगळ्याच कारणासाठी घेतलेल्या असतात. आपल्याकडं घरोघरी साखर कारखान्याचा शेअर आहे. त्याला बाजारभाव नाही. तो ठेवतो कारण त्यामुळे आपण सभासद असतो, ऊस जातो, सवलतीची साखर मिळते, मत देता येतं. त्याला "वाढला किती?" विचारण्यात अर्थ नाही. राहत्या घराचं, देवघरातल्या सोन्याचं, आईवडिलांनी कसलेल्या रानाचं तसंच. ती गुंतवणूक नाही. ती विकावी लागली तर मन दुखणारच, आणि दुखावं. पण फायद्यासाठी घेतलेल्या प्लॉटला "काळी आई" म्हणून कवटाळणं, ही आपण स्वतःचीच केलेली फसवणूक आहे. मी ती केलेली आहे.

२०१४ मध्ये मी ढेबेवाडी फाट्याच्या आत साडेतीन गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतला. मुलगा इथं घर बांधील अशी कल्पना होती. मुलगा पुण्यात स्थिरावला. दर दिवाळीत मी त्याला प्लॉट दाखवायला न्यायचो, तो मोबाइल बघत उभा राहायचा. दुसरीकडं गृहकर्जाचे हप्ते चालूच होते. २०२२ मध्ये मी स्वतःला तोच प्रश्न विचारला : आज हातात रोख असती तर मी हा प्लॉट घेतला असता का? उत्तर आलं, नाही, आधी कर्ज फेडलं असतं. तरी सहा महिने मी विकला नाही. का, तर शेजारच्यानं जास्त भाव सांगितला होता. दादांचं "९२ पर्यंत थांबणे" माझ्याही रक्तात होतं. शेवटी विकला आणि कर्ज फेडलं.

पुढं काय झालं विचारता? महामार्ग सहापदरी व्हायला लागला आणि त्या बाजूचा भाव आणखी वाढला. मला बायको अजून ऐकवते. पण मी सांगतो, निर्णय चुकला नाही. त्या दिवशी जे माहीत होतं त्यावर निर्णय तोलायचा असतो, नंतर जे घडलं त्यावर नाही. विकल्यावर भाव वाढणार नाही अशी हमी मिळाली तरच विकायचं ठरवलं, तर माणूस कधीच विकणार नाही.

आता, सगळेच ठेवतायत म्हणून ठेवणाऱ्यांसाठी एक आठवण. १९६४ मध्ये युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना निघाली. निवृत्त माणसाला सगळे सांगायचे, युनिट घ्या आणि निर्धास्त झोपा. पिढी-दीड पिढी तसं झालंही. पण जुलै २००१ मध्ये त्या युनिटची खरेदी-विक्रीच काही महिन्यांसाठी थांबवली गेली. पुढं सरकारच्या मदतीनं लहान धारकांसाठी वाट निघाली, लोकांना करमुक्त रोखे मिळाले. पण ज्यांचं सगळंच तिथं होतं त्यांचे ते महिने कसे गेले असतील! सुरक्षित म्हणवणाऱ्या गोष्टीकडंही वर्षातून एकदा बघायचं, आणि सगळं एका ठिकाणी ठेवायचं नाही.

आता थोडं कामाचं बोलतो. लिहून घ्यायचं त्यांनी घ्या.

ठेवा किंवा विका, असे दोनच रस्ते नसतात. मन द्विधा असेल तर निम्मं विका. वाढलं तर निम्मं हातात आहे, पडलं तर निम्मं वाचलंय. झोप लागते, ही काही लहान गोष्ट नाही.

कराला भिऊन वाईट वस्तू धरून बसू नका. २३ जुलै २०२४ पासून नोंदणीकृत शेअर वर्षापेक्षा जास्त ठेवून विकले, तर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या जमिनीसाठी महागाईचा हिशेब धरून वीस टक्के किंवा न धरता साडेबारा टक्के, यांतलं कमी पडेल ते निवडता येतं. आणि तोट्यात विकलेल्या शेअरचा दीर्घ मुदतीचा तोटा विवरणपत्र वेळेत भरलं तर पुढची आठ वर्षं तशाच नफ्यातून वजा करता येतो. म्हणजे मेलेल्या शेअरचाही थोडा उपयोग आहे, पण तो विकला तरच. सही करण्याआधी आपल्या सीएला मात्र विचारा.

माळ्यावर कागदी शेअर असतील तर खाली काढा. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकून करता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडं वर्ग होतात. परत मिळतात, पण खेटे घालावे लागतात. प्रत्येक खात्याला वारस नोंदवा आणि घरात नवऱ्यानं बायकोला, बायकोनं नवऱ्याला सगळं दाखवून ठेवा.

शेवटचं. एक वही घ्या. प्रत्येक गुंतवणुकीला एक पान. वर लिहा, हे मी का घेतलं आणि कोणत्या कामासाठी. खाली लिहा, काय घडलं तर मी हे विकीन. दर दिवाळी पाडव्याला ती वही उघडा. घेण्याचं कारण अजून शाबूत आहे का? काम तेच आहे का? भाव लिहायचा असेल तर लिहा, पण शेवटी लिहा.

दादांचीही वही होती. तीत आकडे होते, कारण नव्हतं. "कशासाठी" हा शब्द तिच्यात एकदा जरी असता, तर त्याच्यापुढं त्यांनी काय लिहिलं असतं हे मला माहीत आहे. आणि आई सहा वर्षं आधी सरळ उभी राहिली असती.

सर, मी माझी वेळ ओलांडली असेल, पण तुम्ही घंटा वाजवली नाहीत, म्हणून बोलत राहिलो. मागच्या बाकावरच्याला आता उठवा, चहा आलाय. ग्रुपवर प्रश्न जरूर विचारा. फक्त "किती रुपयांना घेतला होता" हे सांगू नका. मी ते विचारणार नाही.